जू : एका कृषिप्रतिमेचा अर्थविस्तार आणि बहिणाबाईंची दृष्टी

प्रास्ताविक :
मराठी साहित्यात कृषिजीवनातून आलेल्या प्रतिमांमध्ये 'जू' या प्रतिमेचा विचार फारसा स्वतंत्रपणे झालेला नाही. 'पारतंत्र्याचे जोखड' या रूढ शब्दप्रयोगामुळे जू म्हणजे गुलामगिरी असे एकच समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे. प्रस्तुत लेखात हे समीकरण अपुरे कसे आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दाचे कूळ :
'जू' हा शब्द संस्कृत 'युग' या शब्दापासून आला. युज् म्हणजे जोडणे. योग, युग्म, उद्योग ही त्याच धातूची रूपे होत. बौधायन शुल्बसूत्रात 'युग' हे 86 अंगुळांचे माप आहे. ऋग्वेदातील अपालेच्या कथेत इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रातून ओढून तेजस्वी करतो. पुढे विवाहविधीतही जुवाच्या छिद्राला स्थान मिळाले. याउलट इ. स. पूर्व 321 मध्ये सॅम्नाइट लोकांनी पराभूत रोमन सैन्याला जुवाखालून वाकून जायला लावले. एकाच वस्तूत शुद्धी, जोडणी आणि मानहानी असे तिन्ही अर्थ सामावले आहेत.

लोकव्यवहारातील जू :
साक्री तालुक्यातील पिंपळनेरपासून जळगावपर्यंतच्या खानदेशी शेतीत जू हे प्रथम अवजार आहे. नांगराचे जू आखूड, तर पिकाच्या ओळींमधून कोळपे चालवायचे जू लांब असते. एकच बैल असलेला शेतकरी दुसऱ्याच्या बैलाशी सावड करतो, तेव्हा एका जुवाने दोन घरे जोडली जातात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जुवाने खांद्यावर घट्टा पडतो, ही जाणीव या रूढीत आहे.

बहिणाबाईंची दृष्टी :
आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांच्या 'बहिणाबाईंची गाणी' (1952) या संग्रहातील पोळ्यावरील कविता याच जाणिवेची आहे. सणाचा खरा धनी बैल असून शेतकरी त्याचा ऋणी आहे, ही तिची भूमिका होय. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (1883) या ग्रंथात बैल हाकण्याचे साधन शोषकांविरुद्ध उगारले. बहिणाबाई साधन उगारत नाहीत. त्या साधनाखालच्या जिवाकडे पाहतात. एकाकडे विद्रोह आहे, तर दुसरीकडे कृतज्ञता. ही दोन्ही दर्शने परस्परांना पूरक आहेत.

तथापि बहिणाबाईंच्या कृतज्ञतेचे आपण अनेकदा केवळ कौतुक करतो, ही समीक्षेतील उणीव आहे. ऋण मान्य केल्याने ते फिटत नाही. बैलाला वर्षातून एक दिवस विसावा मिळतो. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न कविता वाचून उरला पाहिजे. खानदेशात सालदाराचे साल परंपरेने आखाजीला ठरते. त्याच्या मानेवरचे जू दिसत नाही, म्हणून ते हलके ठरत नाही. सावडीचे जू परस्परसंमतीचे, तर सालदारीचे जू गरजेपोटी मान्य केलेले असते. प्रतिमेचा अर्थ ठरवताना मान कोणाची आणि कासरा कोणाच्या हाती, हे पाहावे लागेल.

निष्कर्ष :
आज ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या घटत आहेत. त्यामुळे पुढील पिढीच्या हाती 'जोखड' हा भाषणातील शब्दच तेवढा उरण्याचा धोका आहे. तसे झाल्यास जोडणी आणि ओझे यांतील फरक सांगणारी एक भाषिक दृष्टी आपण गमावू. ग्रामीण साहित्याच्या अध्यापनात कवितेबरोबर अवजाराचीही ओळख करून दिली, तर ही प्रतिमा विद्यार्थ्यांना तिच्या सर्व अर्थांसह उमगेल, असे म्हणता येईल.