एका पॉलिसीचे रसग्रहण

मोटारविम्याची पॉलिसी हा आमच्या घरातला सर्वांत कमी वाचलेला ग्रंथ. परवा देवळाली प्रवऱ्यात गाडी मागे घेताना मी दूधवाल्याची सायकल किटल्यांसकट आडवी केली आणि घाबरून आमच्याच फाटकावर आदळलो, तेव्हा तो प्रथम उघडला.

टंक मुंगीएवढा. वाक्ये उसाच्या ट्रॉल्यांसारखी, एकीमागे दुसरी जोडलेली. पण नायकाची निवड थोर! पहिला पक्ष मी, दुसरा कंपनी. नायक तिसराच, रस्त्यावरचा परका माणूस. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने विमा सक्तीचा केला तो त्याच्यासाठी. नसला तर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, तीन महिने कैद किंवा दोन्ही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांची मर्यादा; जिवाचा आकडा मात्र छापलेलाच नाही, तो न्यायाधिकरण ठरवते. तेवढे एक पान मला आवडले.

"आणि आपलं फाटक? बंपर?" हिने विचारले.

"नुसत्या थर्ड पार्टीत ती पात्रंच नाहीत."

"हप्ता कोण भरतं मग?"

दूधवाला लंगडत ओट्यावर टेकला होता. ही चहा घेऊन बाहेर गेली. "भाऊ, तुम्ही तिसरे ना? मग आधी तुम्ही घ्या."