स्लायडर सरकला, पण कळलं काय?

फेटची ‘पेंड्युलम लॅब’ वापरलीय का? कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट आहे. स्लायडर ओढला की लोलक जराही न अडखळता लांब-आखूड होतो. काम देखणंच! माझी तक्रार वेगळी आहे. लांबी आणि वस्तुमान लागोपाठ बदललं, तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही, आणि सिम्युलेशन आपल्याला अडवतही नाही. वस्तुमान वाढवूनही आवर्तनकाल तोच राहतो. पण ही गोष्ट नुसती बघून पटत नाही, मोजावी लागते. लांबी ०.२५ मीटरवरून १ मीटर केली, म्हणजे चौपट, तर काल? बरेचजण चौपटच म्हणतात (मीही म्हटलं होतं). तो होतो दुप्पट: झोका लहान असेल तर सुमारे १ सेकंदाचे २. असे कोर्स बनवणार असाल, तर विद्यार्थ्याने अंदाज लिहीपर्यंत स्लायडर बंदच ठेवा.