चौकटीबाहेर राहिलेले गाव : नंगाऱ्याच्या छायाचित्राखालील ओळी

पंतप्रधान नरेंद्र मोदी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला आले. जगदंबा मातेच्या मंदिरात त्यांनी नंगारा वाजवला, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि चार मजली, तेरा दालनांच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. पीएम-किसानचा अठरावा हप्ताही याच दौऱ्यात वितरित झाला : सुमारे वीस हजार कोटी रुपये, साडेनऊ कोटींच्या आसपास शेतकरी.

त्या दिवसाचे नंगारावादनाचे छायाचित्र माझ्याकडे आले ते कापलेले होते. वर पांढरी पट्टी, खाली नेता आणि वाद्य. मंदिर नाही, सोबतचे लोक नाहीत. मीमच्या भाषेत याला टेम्प्लेट म्हणतात : चित्र कायम, ओळ ज्याची त्याने लिहायची. मानोऱ्याला कॉलेजात असलेल्या माझ्या भाच्याने ते पाठवले होते. सोबत आव्हान होते : ‘मामा, तुम्ही समीक्षक ना, लिहा एक ओळ.’

मला ओळ सुचली नाही. पण अशा ओळींची बरी-वाईट निवड कशी करायची, हा प्रश्न मात्र चिकटून राहिला. मराठी व्यंगचित्राची समीक्षा आपण थोडीफार केली आहे. वसंत सरवटे यांनी तर चित्रे काढता काढता या कलेचा विचारही मांडला. या ओळींकडे मात्र आपण चावटपणा म्हणूनच पाहतो.

शि. द. फडणीसांच्या शब्दाविना हसवणाऱ्या चित्राला ओळीची गरजच नसते. चित्र स्वयंपूर्ण असते. टेम्प्लेट याच्या नेमके उलट असते. ते मुद्दाम अपुरे ठेवलेले चित्र आहे. ‘आवाज’च्या खिडकीचित्राची आठवण इथे उपयोगी पडते. तिथे कापलेल्या चौकटीतून आधी एक अर्थ दिसतो आणि पान उलटले की उरलेले चित्र त्या अर्थाची फजिती करते. मीमच्या चौकटीला मागचे पान नसते. ते ओळीने पुरवायचे असते.

माझ्याकडे आलेल्या बहुतेक ओळी हे करत नव्हत्या. समर्थकाने लिहिले होते, ‘विरोधकांची झोप उडाली.’ विरोधकाने लिहिले होते, ‘आवाज मोठा, आतून पोकळ.’ दोघे एकमेकांचे वैरी, पण ओळ एकाच जातीची. कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही नेत्यासमोर कोणतेही चर्मवाद्य ठेवा, दोन्ही ओळी तशाच चालतील. दोघांनाही नंगारा दिसलेला नाही. एकाने तर ‘ढोल’ असेच लिहिले होते.

भाच्याची पहिली ओळ वेगळी होती : ‘लाइट आली, पण कूलर काही सुरू होईना.’ विदर्भात एप्रिल-मे काढलेल्या माणसाला इथे अधिक सांगायला नको. कूलरवर थापा मारणारे बाबा प्रत्येक घरात असतात. इथे नेत्याची टवाळी नाही आणि आरतीही नाही. त्याला उचलून आपल्या घरात आणून उभे केले आहे. ओळ मला आवडली. तरी एक खंत राहिली. हे घर वाशीमचे, तसेच नागपूरचेही. पोहरादेवी अजून चौकटीबाहेरच होती.

इथे जून २०२२ मधले उदाहरण आठवते. गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर बोलले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ महाराष्ट्रभर झाले. तिथे वाक्य कायम होते आणि चित्र बदलत होते. लोकांनी ते लग्नाला लावले, मेसच्या जेवणाला लावले. पण ‘डोंगार’चा ‘डोंगर’ कोणी केला नाही. वाक्य कुठेही गेले तरी सांगोला सोबत घेऊन गेले. चित्रातून गाव कात्रीने कापता येते, बोलीतून ते कापता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, टेम्प्लेटखाली ओळ लिहिणाऱ्याचे खरे काम कापलेले गाव परत आणण्याचे आहे.

भाच्याला हे सांगितले, तेव्हा त्याने दुसरी ओळ लिहिली. दोन शेतकऱ्यांचा संवाद :

‘हमीभाव ऐकू आला का गा?’
‘नाई गा, नंगारा वाजून राह्यला ना.’

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. सोयाबीनवर जगणाऱ्या जिल्ह्यात ही ओळ लागणारच. बोली आली, वाद्याचे नाव आले, शेतकऱ्याच्या हप्त्याचा तो दिवसही आला. मी तिला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो.

पुढे पोहरादेवीला गेलो असता एका वयस्क नंगारावादकाला मोबाइलवर दोन्ही ओळी दाखवल्या. कूलरवर ते मनापासून हसले. दुसरी वाचून थांबले. म्हणाले, ‘नंगारा मानसं बोलावते गा. कोनाचा आवाज दाबत नाई.’

माझी चूक तिथे कळली. नेत्यावर मारलेला खडा तांड्याच्या वाद्याला लागला होता आणि मी टाळी वाजवली होती. गावाचे नाव आणि बोली आणली की गाव आले, असे मी धरून चाललो होतो. पण त्या वस्तूचे गावात काम काय, हे ओळीला ठाऊक नव्हते. ‘आतून पोकळ’ म्हणणाऱ्याहून ती फार पुढे गेलेली नव्हती.

भाच्याला फोन करून हे सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. रात्री ओळ आली :

‘नंगारा वाजला, सगळे जमले गा. फक्त हमीभावच नाई आला.’

शब्द जवळपास तेच आहेत. पण आता नंगारा आपले काम चोख करतो आणि न येणाऱ्याची गैरहजेरी उघडी पडते. टोला सौम्य झालेला नाही, उलट नेमका झाला आहे. ज्याच्या वस्तूवर विनोद उभा आहे त्यालाही हसता आले पाहिजे, ही सभ्यतेची अट म्हणून मी मांडत नाही. नेम बरोबर लागला की नाही हे ओळखण्याची ती खूण आहे.

ती ओळ मी त्या वादकांना अजून दाखवलेली नाही. रामनवमीच्या यात्रेला जाईन तेव्हा दाखवीन. तोवर तिचे गुण मी राखून ठेवले आहेत.