परतीचे प्रकरण : मराठी परदेश-प्रवासवर्णनातील एक उणीव

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रस्थानाची, स्थलवर्णनाची आणि लेखकाच्या निरीक्षणशक्तीची चर्चा विपुल आढळते. परतीची चर्चा क्वचितच होते. याचे कारण काही अंशी त्या लेखनातच आहे. सहकुटुंब परदेशी गेलेला मनुष्य परत निघताना दुहेरी मनःस्थितीत असतो. घराची ओढ, पाहिलेले मागे पडल्याची हुरहूर, झालेल्या खर्चाचा हिशेब आणि स्वतःच्या गावाशी नकळत केलेल्या तुलनेचा संकोच यांची त्यात सरमिसळ असते. वाङ्मयाला इतकी अनुकूल भावस्थिती असूनही लेखक नेमका येथेच लेखणी आवरती घेतो.

पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेसह लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाल्या. त्या जलप्रवासाला ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. परतीला मात्र तसे प्रकरण नाही; ग्रंथाचा शेवट तेथील स्त्रियांच्या स्थितीच्या विवेचनाने होतो. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या या विदुषीला मायदेशी परतताना काय वाटले असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले आणि ग्रंथ त्याच वर्षी त्यानंतर प्रसिद्ध झाला. परतीचे आत्मनिवेदन करण्याऐवजी रमाबाईंनी संस्था उभारली, असे म्हणता येईल. मात्र हे उत्तर समाजसुधारणेच्या इतिहासाला पुरते, वाङ्मयाला पुरत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण अधिक विदारक आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पती गोपाळराव उपस्थित होते आणि रमाबाईही होत्या. ज्या पतीच्या आग्रहाने शिक्षण झाले, तो समोर. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियुक्ती ठरलेली. आणि शरीर क्षयाने पोखरत चाललेले. नोव्हेंबर १८८६ मध्ये हे दांपत्य मुंबईस उतरले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. वय अवघे एकवीस. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेतील पोकिप्सी येथे, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे सांभाळले त्यांच्या स्मशानभूमीत विसावल्या. घर कोणते आणि परदेश कोणता, हा प्रश्न यापेक्षा तीव्रतेने कोणी विचारावा? तरीही त्या परतीचे प्रवासवर्णन नाही. ती वाचकापर्यंत आली ती काशीबाई कानिटकरांच्या चरित्रातून आणि श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीतून. प्रवासवर्णनाने मोकळी ठेवलेली जागा चरित्र-कादंबरीने भरून काढली.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) सपत्नीक प्रवासाला घरगुती, खेळकर सूर दिला. पुढील अनेकांनी सूर तेवढा उचलला. त्यामुळे हुरहुरीची जागा विनोदाने घेतली, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी नोंदवलेली नाही.

जालन्यासारख्या जिल्ह्यातून पाहिले असता आणखी एक बाब जाणवते. या वाङ्मयाचा भूगोल बव्हंशी मुंबई-पुण्याचा आहे. किनारा किंवा विमानतळ आला की प्रवास संपला. मुंबईत उतरलेल्या जालनेकराला मात्र देवगिरी एक्सप्रेसची आणखी एक रात्र काढावी लागते आणि परतीचे खरे मनोव्यापार त्या रात्रीतच घडतात. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे तर परतीची एक मोठी कथाच नांदते. बारा वर्षे तपश्चर्या आणि बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ रामदास घरी आले, मातेला भेटले आणि पुन्हा निघाले, असे परंपरा सांगते. तेथे आनंद आणि वियोग एकाच उंबरठ्यावर उभे आहेत.

आजच्या कौटुंबिक परदेशप्रवासात हा उंबरठा उलटा झाला आहे. अमेरिकेतील मुलाकडे सहा महिने राहिलेले आईवडील परततात, तेव्हा निघून जाणारे तेच असतात आणि मागे राहते ते नातवंड. बॅगेत तिकडच्या भेटवस्तू असतात, मनात घराचे कुलूप निघाल्याचे समाधान असते. आणि जालन्यात पहाट झाली की तिकडे आता काय वाजले असेल, याचा हिशेब पुढे कित्येक दिवस सुटत नाही. प्रवासवर्णने लिहिणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांच्या हस्तलिखितांत नायगारा दहा पृष्ठांचा असतो आणि हा हिशेब एका ओळीचाही नसतो.