सोंग आणि सांगाडा

अमेरिकेत 'जिवंत इतिहासाची गावे' ही आता चांगलीच रुळलेली संस्था आहे. जुन्या गावाच्या जागी जुन्यासारखी घरे उभारायची, त्या काळचे कपडे ल्यालेली माणसे त्यांत वावरू द्यायची, त्यांनी चूल पेटवायची, मका कुटायचा आणि आल्यागेल्याशी बोलायचे, असा हा प्रकार. नाटक म्हणावे तर रंगमंच नाही. वस्तुसंग्रहालय म्हणावे तर काचेची कपाटे नाहीत. कथा-कादंबरीला आपण जी कसोटी लावतो, म्हणजे लेखकाने माहितीची उणीव कल्पनेने भरून काढताना सत्याशी कसे वर्तन केले, ती कसोटी अशा गावालाही लावावी, असे आम्हांस मेरीलँड राज्यातील सेंट मेरीज सिटी पाहताना वाटले. हे गाव निवडण्यास कारण आहे. ते कॅथलिकांचे गाव होते.

इंग्लंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे मिस्सा करण्याची मुभा नव्हती, त्या काळात लॉर्ड बॉल्टिमोर सेसिल कॅल्व्हर्ट ह्या कॅथलिक सरदाराने ही वसाहत स्थापिली. 'आर्क' आणि 'डव्ह' ही दोन जहाजे १६३४ साली येथे पोहोचली. २५ मार्चला, म्हणजे देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट ह्यांनी पोटोमॅक नदीतील एका बेटावर मिस्सा अर्पण केली. १६४९ साली येथील विधिमंडळाने ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या सर्वांना धर्मपालनाची मोकळीक देणारा कायदा केला. त्याच कायद्यात पवित्र त्रैक्य नाकारणाऱ्यास मृत्युदंडही सांगितला होता, हे मात्र त्याचे गोडवे गाताना बहुधा विसरले जाते. १६९५ साली राजधानी अ‍ॅनापोलिसला गेली, गाव ओस पडले आणि पुढे त्यावर शेते पसरली. आज जे दिसते ते बहुतांशी जमिनीखालून, उत्खननातून मिळवलेले आहे.

ह्या गावाचा सर्वांत प्रामाणिक भाग तेथील रिकामे सांगाडे हाच होय. ज्या घरांचे पाये सापडले, पण ज्यांच्या भिंती कशा होत्या हे नीट कळले नाही, त्यांपैकी काहींच्या जागी संग्रहालयाने घराच्या आकाराच्या नुसत्या लाकडी चौकटी उभ्या केल्या आहेत. भिंती नाहीत, दारे नाहीत. आरपार गवत आणि आभाळ दिसते. 'येथे घर होते, ह्याहून अधिक आम्ही सांगत नाही' असे ह्या चौकटी सांगतात. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी हे सांगाडे एकदा पाहून यावेत, असे जाता जाता सुचवावेसे वाटते.

ह्याच्या नेमके उलट टोक म्हणजे गोडाया स्प्रे ह्याचा तंबाखूचा मळा. १६६० च्या दशकातील हे शेतकरी कुटुंब. लाकडी घर, तंबाखू वाळवण्याची कोठारे, कुंपणातली जनावरे आणि त्या काळच्या वेषातील माणसे. पण गोडाया स्प्रे नावाचा मळेवाला कधी झालाच नाही. तो रचलेला आहे. अनेक खऱ्या शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवरून बेतलेला. आमचा ह्या रचनेला आक्षेप नाही. कल्पित पात्र खऱ्या माणसाहून मोकळेपणाने बोलू शकते, कारण त्याच्या तोंडी घातलेल्या शब्दांनी कोणाचाच अवमान होत नाही. आपल्याकडे उपवासकाळात दुःखसहनाचे नाट्य होते, तेव्हा पिलाताचा झगा घातलेला गृहस्थ आपला शेजारी आहे हे प्रेक्षकांतल्या पोराबाळांनाही ठाऊक असते. सोंग उघड असले की फसवणूक होत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. ह्या गावात एक खराखुरा माणूस होता, त्याचे नाव मथायस डिसोजा. 'आर्क'मधून फादर व्हाइट ह्यांच्याबरोबर तो आला, येशूसंघीयांचा करारबद्ध नोकर म्हणून. कागदपत्रांत त्याची नोंद मिश्रवर्णी अशी आहे. आडनाव पोर्तुगीज. ज्या साली तो मेरीलँडच्या किनाऱ्यावर उतरला, त्या साली आपल्या वसईवर पोर्तुगीज सत्तेला शंभर वर्षे झाली होती; एकाच साम्राज्याच्या जहाजांनी हे आडनाव दोन महासागरांकाठी नेऊन ठेवले. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारावर आज तीच पाटी आहे. करार फिटल्यावर डिसोजा व्यापारी गलबताचा तांडेल झाला, मूलनिवासी जमातींशी व्यापार करू लागला आणि १६४२ साली वसाहतीच्या विधिमंडळाच्या बैठकीस हजर राहिला. त्याच वर्षी तो कर्जात सापडल्याच्या नोंदी आहेत. त्यानंतर कागद गप्प होतात.

म्हणजे जो झालाच नाही त्याला घर, शेत, कपडे आणि वाणी आहे. आणि जो होता त्याच्या वाट्याला कागदावरच्या मोजक्या ओळी. ह्या ओळींवर एखाद्या नटाने वेष चढवून डिसोजा म्हणून बोलावे काय?

अशा गावांत दोन पद्धती रूढ आहेत. एकीत वेषधारी व्यक्ती पात्र होऊनच बोलते, तिला आजचे जग ठाऊकच नसते. मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे १९७८ पासून ही रीत आहे. दुसरीत अंगावर जुना वेष असतो, पण बोलणारा आजचा असतो आणि तो 'त्यांनी' असे म्हणतो. पहिली पद्धत कमालीची प्रभावी ठरू शकते. पोटोमॅकपलीकडे व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग येथे १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचा प्रयोग झाला. विकली जाणारी माणसे कृष्णवर्णीय कलावंतांनीच साकारली. प्रयोगाची सूत्रे ख्रिस्टी कोलमन ह्या कृष्णवर्णीय स्त्रीकडे होती. नागरी हक्क संघटनांनी जागच्या जागी निषेध केला. पूर्वजांच्या यातनेचा तमाशा होतो, हा त्यांचा आरोप होता. प्रयोग संपल्यावर मात्र विरोधकांतील एका नेत्याने आपले मत बदलल्याचे सांगितले. आरोप आणि मतबदल, दोन्ही खरे मानावेत अशी ही घटना आहे.

तरीही डिसोजाच्या बाबतीत आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. पात्र झालेला नट १६४२ च्या पुढे पाहू शकत नाही, आणि डिसोजाचा सगळा अर्थ पुढच्या वर्षांत आहे. तो विधिमंडळात गेला त्यानंतर केवळ २२ वर्षांनी, १६६४ साली, त्याच मेरीलँडने आफ्रिकी माणसांची गुलामी आजन्म ठरवणारा कायदा केला. गोडाया स्प्रेचा मळा ह्याच दशकातला आहे! त्या अंगणात उभे राहून जुन्या वेषातील माणसाने आजच्या आवाजात हे सांगितले, तर मक्याच्या भाकरीचा खमंग वास थोडा कमी होईल, होऊ द्यावा.

कॅथलिक वाचकाला सर्वांत ओढ लागते ती विटांच्या चॅपेलची. १६६७ च्या सुमारास बांधलेल्या ह्या क्रूसाकार वास्तूला १७०४ साली गव्हर्नर जॉन सेमूर ह्यांच्या हुकमावरून शेरीफने कुलूप लावले. पुढे ती पाडली गेली. जुन्या पायांवर ती पुन्हा उभारून २००९ साली खुली झाली. १९९० साली तेथे शिशाच्या तीन शवपेट्या सापडल्या होत्या. त्यांतील एक फिलिप कॅल्व्हर्ट ह्यांची. मूळ इमारतीचे चित्र उपलब्ध नसल्याने पायांवरचे बरेचसे रूप अभ्यासकांचा तर्क आहे. तरी आत शिरल्यावर आमची मान आपोआप लवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बंद केलेल्या दाराची गोष्ट ऐकताना आपण पीडितांच्या बाजूचे आहोत ह्या जाणिवेने ऊर भरून येतो.

नेमक्या इथेच समीक्षकाने सावध व्हावे. येथून थोड्याच अंतरावर सेंट इनिगोज ही येशूसंघीयांची जमीन होती आणि त्यांच्या मेरीलँडमधील मळ्यांवर गुलाम राबत. १८३८ साली ह्याच संघाने २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशांतून जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास मदत झाली. विकलेल्यांत सेंट इनिगोजची माणसे होती. ती कॅथलिक होती, बाप्तिस्मा घेतलेली. १८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाउन येथे त्यांच्या वंशजांसमोर येशूसंघाने क्षमा मागितली. चॅपेलचे कुलूप आणि ही विक्री ह्यांत १३४ वर्षांचे अंतर आहे, पण धर्मसंघ एकच आणि परगणाही एकच. चॅपेल पाहून निघालेल्या प्रवाशाने परतीच्या वाटेवर सेंट इनिगोजच्या दिशेने काही मैल जावे. आम्ही गेलो. रस्ता शेतांतून जातो, आणि त्या वाटेवर आम्हांस जुन्या वेषातले कोणीही भेटले नाही.