गेल ऑम्वेट आणि खंडोबाचा रविवार

गेल ऑम्वेट (1941–2021) यांचं नाव निघालं की आपल्या हुबळी-धारवाडकडे बोलणं 'त्या कासेगावच्या अमेरिकन बाई' एवढ्यावर संपतं. मिनियापोलिसचा जन्म, बर्कलेची पीएच.डी., 1983 साली भारतीय नागरिकत्व, हे सगळं आहेच. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी कामगाराकडे कसं पाहिलं ते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगार चळवळीच्या जुन्या इतिहासकारांनी त्यांना जरा कडेलाच बसवलं. सभासद नाहीत, निधी नाही, मग ही कसली युनियन? त्यात रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांनी खंडोबाचा वार पुढं केला! 1890 साली सुट्टी मिळाली, पण देवाचं नाव घेऊन मिळवलेला हक्क वर्गलढ्याच्या चौकटीत बसेना. ऑम्वेट यांनी 1976 च्या 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' या ग्रंथात सत्यशोधक चळवळीचा मोठा पट मांडला. त्या पटावर लोखंडे ठेवून पाहिले की खंडोबा अडचणीचा राहत नाही. जात, दैवत आणि गाव बरोबर घेऊनच माणूस गिरणीत शिरला होता.

तक्रार आहे ती इथून. खंडोबा म्हणजे आपला मैलारलिंग; तो काही कृष्णेपाशी थांबत नाही. ऑम्वेट यांचा भर मात्र पुणे-सातारा-कोल्हापूरवर. पुढं 1994 च्या 'दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन'मध्ये त्या कर्नाटकात आल्या, पण म्हैसूर संस्थानात. 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात असलेला आपला धारवाड जिल्हा दोन्हींच्या मधे सांडला. जुलै 1920 मध्ये इथंच, हुबळीत, शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली ब्राह्मणेतर परिषद भरली होती. मराठा आणि लिंगायत एका मांडवात कसे बसले, कोणत्या भाषेत बोलले, हे विचारायला याहून चांगली जागा कुठली? 'सीकिंग बेगमपुरा'त (2008) तुकाराम, फुले, पेरियार आहेत. बसवण्णांना स्वतंत्र प्रकरण नाही. धारवाडच्या वाचकाला हे खटकणारच.

तरी पद्धत त्यांचीच घ्यावी लागेल. हुबळीचं रेल्वे वर्कशॉप आणि सिद्धारूढ मठ यांचे इतिहास आपण अजून दोन वेगळ्या वह्यांत लिहितो. वर्कशॉपमधून सुटून मठाकडे जाणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या घरात बहुधा कानडी-मराठी दोन्ही चालत.