विचारवंत, राजे आणि विद्यार्थ्यांची प्रकल्पवही

अठराव्या शतकातील युरोपचा इतिहास विद्यार्थ्यांपुढे येतो तो बहुधा दोन याद्यांच्या रूपाने. एका यादीत विचारवंत : मोंतेस्क्य, व्हॉल्तेअर, दिदरो, रूसो, बेक्कारिआ. दुसऱ्या यादीत राज्यकर्ते : प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक, रशियाची दुसरी कॅथरिन, ऑस्ट्रियाचा दुसरा जोसेफ, पोर्तुगालचा मंत्री पोंबाल. शिक्षक प्रकल्प नेमून देतात, विद्यार्थी एकेक नाव वाटून घेतात आणि मग जन्म, मृत्यू, प्रमुख ग्रंथ वा प्रमुख सुधारणा, एखादे गाजलेले वचन व एक चित्र अशा ठरावीक चौकटीत प्रत्येकाची बोळवण होते. असे लेखन आता इतके रूढ झाले आहे की त्याला स्वतंत्र लेखनप्रकार मानून त्याची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

या चौकटीचा एक गुण प्रथमच मान्य करावयास हवा. सनावळीची पक्की बैठक असल्याखेरीज इतिहासाचा विचार उभा राहत नाही आणि ती बैठक अशा वह्यांतून मिळते. परंतु तिचा दोष अधिक गंभीर आहे. विचारवंत एका पानावर आणि राजा दुसऱ्या पानावर ठेवला की या दोघांमध्ये जे घडले तेच नेमके हातातून निसटते. त्या शतकाचे खरे नाट्य तर त्या मधल्या जागेत आहे.

फ्रेडरिक आणि व्हॉल्तेअर यांचेच उदाहरण घेऊ. 1736 साली चोवीस वर्षांच्या युवराजाने त्या ख्यातनाम फ्रेंच लेखकाला पहिले पत्र धाडले. पुढे त्याने मॅकियाव्हेलीच्या राजनीतीचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. व्हॉल्तेअरने त्यावर संस्कार केले आणि 1740 साली तो निनावी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस फ्रेडरिक गादीवर आला. पहिल्या काही दिवसांतच त्याने, थोडे अपवाद ठेवून, न्यायचौकशीतील छळ बंद केला. विद्यार्थी हे सारे लिहितो आणि ते खरे आहे. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात या राजाने सिलेशियावर सैन्य घातले. कपटी राजनीतीचा निषेध करणारा ग्रंथ आणि शेजाऱ्याच्या मुलुखावरची ही चढाई यांत काही महिन्यांचेच अंतर आहे. वहीत पहिली गोष्ट 'विचार' या सदरात जाते, दुसरी 'युद्धे' या सदरात. दोन्ही एकाच माणसाच्या हातून झाल्या, हा विचार करण्याची वेळच विद्यार्थ्यावर येत नाही.

पुढचा भागही तितकाच बोलका आहे. 1750 साली व्हॉल्तेअर राजाचा पाहुणा म्हणून पॉट्सडॅमला गेला आणि 1753 साली वितुष्ट येऊन निघाला. वाटेत फ्रँकफुर्ट येथे राजाच्या माणसांनी त्याला अडकवून ठेवले. कारण काय, तर राजाच्या कवितांचे एक पुस्तक त्याच्यापाशी राहिले होते. तरीही दोघांचा पत्रव्यवहार पुढे पुन्हा सुरू झाला आणि 1778 साली व्हॉल्तेअर निवर्तल्यावर त्याच्या गौरवाचे भाषण स्वतः फ्रेडरिकने लिहिले. या संबंधाला मैत्री म्हणावे, आश्रय म्हणावे की परस्परांचा उपयोग म्हणावे? हा प्रश्न ज्या वहीत उमटत नाही, तिने दोघांपैकी एकालाही ओळखले आहे असे म्हणता येणार नाही.

कॅथरिनच्या बाबतीत मजकूर आणि कृती यांतील दरी अधिकच रुंद आहे. 1767 साली तिने नव्या कायद्यासाठी जी सूचनावली सिद्ध केली, तिचा मोठा भाग मोंतेस्क्यच्या 1748 च्या ग्रंथातून घेतलेला होता. गुन्हा व शिक्षा यांविषयीची कलमे बेक्कारिआच्या 1764 च्या पुस्तिकेतून आली होती. ही सूचनावली इतकी पुरोगामी ठरली की फ्रान्समध्ये तिच्यावर बंदी आली. तिच्या आधारे कायदा घडविण्यासाठी मॉस्कोत पाचशेहून अधिक प्रतिनिधी जमले, पण जमीनदारांच्या मालकीच्या भूदासांना त्यांत प्रतिनिधी नव्हता. सभा भरल्यावर काही आठवड्यांतच निघालेल्या एका हुकमाने भूदासांना आपल्या मालकाविरुद्ध महाराणीकडे तक्रार नेण्याचीही मनाई झाली. सूचनावली आणि हुकूम, दोन्ही एकाच वर्षाचे. पहिल्याचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक प्रकल्पवहीत असतो, दुसऱ्याचा क्वचितच.

दिदरोची कहाणी याच संदर्भात वाचावी. मुलीच्या लग्नखर्चाची तजवीज करण्यासाठी त्याने आपला ग्रंथसंग्रह विकावयास काढला. 1765 साली कॅथरिनने तो 15,000 लिव्ह्रना घेतला, ग्रंथ त्याच्याकडेच ठेवले आणि त्यालाच सवेतन ग्रंथपाल नेमले. या औदार्याचे ऋण मनात बाळगून तो 1773 च्या शरद ऋतूत पीटर्सबर्गला पोहोचला आणि कित्येक दिवस महाराणीशी मोकळेपणाने बोलला. त्याच सुमारास रशियाच्या पूर्व भागात पुगाचेव्हचे बंड पेटले होते. परतल्यावर दिदरोने त्या सूचनावलीवर जी टिपणे लिहिली, ती अत्यंत परखड होती. राष्ट्र हेच खरे सार्वभौम, राजा नव्हे, असा त्यांचा रोख होता. ती टिपणे कॅथरिनच्या हाती पडली तेव्हा दिदरो हयात नव्हता, आणि ती वाचून महाराणी संतापली. उपकारकर्तीला सत्य सांगावयाचे तर होते, पण तोंडावर सगळे सांगता आले नाही. आश्रित विद्वानाची ही कोंडी दिदरोच्या आयुष्यातील कोणत्याही ग्रंथाइतकीच अभ्यसनीय आहे.

येथे वचनांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. तुम्ही कागदावर लिहिता, मला मात्र माणसांच्या कातडीवर लिहावे लागते, अशा आशयाचे कॅथरिनचे उत्तर वह्यांतून हमखास आढळते. ते आपल्यापर्यंत आले आहे ते फ्रेंच राजदूत सेग्यूर याच्या आठवणींतून. सेग्यूर रशियात गेला तो दिदरोच्या भेटीनंतर दहाएक वर्षांनी, आणि त्याच्या आठवणी छापल्या गेल्या त्या 1820 नंतर. व्हॉल्तेअरची गोष्टही तीच. प्रतिपक्षाचे मत अमान्य असूनही ते मांडण्याच्या त्याच्या हक्कासाठी प्राण वेचण्याची तयारी दाखविणारे जे वाक्य त्याच्या नावे सर्रास छापले जाते, ते मुळात एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने 1906 साली त्याच्या वृत्तीचे सार म्हणून लिहिले. सुंदर वाक्य हाती लागले की ते कोणी, केव्हा आणि कोठे नोंदविले हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर प्रकल्पाचे अर्धे सार्थक झाले असे मानावे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या काळाचा एक भाग अधिक जवळचा आहे. 1759 साली पोंबालने पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींतून जेज्वीट संघाला हद्दपार केले. त्यात गोव्यातील जेज्वीटही आले. फ्रान्स आणि स्पेनने तोच कित्ता गिरविला आणि 1773 साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी तो संघच विसर्जित केला. मौज अशी की त्या जेज्वीटांना थारा मिळाला तो प्रॉटेस्टंट प्रशियात आणि ऑर्थोडॉक्स रशियात. फ्रेडरिक आणि कॅथरिन यांना त्यांच्या शाळा हव्या होत्या, म्हणून पोपमहाशयांचे आज्ञापत्र त्यांनी आपल्या राज्यांत जाहीर होऊ दिले नाही. 1814 साली संघाची पुनःस्थापना होईपर्यंत त्याची परंपरा रशियात अखंड राहिली. कॅथलिक राजांनी घालविलेल्यांना व्हॉल्तेअरच्या स्नेह्यांनी आसरा दिला, ही घटना 'श्रद्धेचे मित्र' आणि 'श्रद्धेचे शत्रू' अशा दोन कप्प्यांत बसत नाही.

पोंबालही एका कप्प्यात बसत नाही. 1761 साली त्याने पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा देणारा हुकूम काढला. त्याच वर्षी लिस्बनमध्ये इन्क्विझिशनच्या हातून मालाग्रिदा या वृद्ध जेज्वीट धर्मगुरूला जीव गमवावा लागला. तेव्हा त्या न्यायासनाचा प्रमुख पोंबालचा सख्खा भाऊ होता. जेज्वीटांचा कट्टर टीकाकार असलेल्या व्हॉल्तेअरलाही या कृत्याची घृणा वाटली. पुढे 1774 साली पोंबालनेच गोव्यातील इन्क्विझिशन बंद केले. 1777 मध्ये त्याची सत्ता गेली आणि 1778 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. कायमचे बंद व्हावयास 1812 साल उजाडावे लागले. समतेचा हुकूम निघूनही वरची पदे आपल्याला नाकारली जातात ही गोमंतकीय धर्मगुरूंची व्यथा शमली नाही, आणि 1787 च्या पिंटोंच्या कटामागे तीही होती.

या सर्व उदाहरणांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. सहिष्णुता ही राजाची कृपा आहे की प्रजेचा हक्क? कृपा असेल तर ती देणाऱ्याबरोबर संपते. 1774 आणि 1778 या दोन सनांमध्ये गोव्यातील माणसांच्या श्रद्धेत वा सदाचारात काही फरक पडला नव्हता, बदलला होता तो लिस्बनमधील कारभारी. दुसऱ्या जोसेफने 1781 साली धर्मसहिष्णुतेचा जाहीरनामा काढला, भूदासांची बंधने सैल केली आणि त्याचबरोबर कोणाचेही मत न विचारता सातशेहून अधिक मठ बंद केले. पोप सहावे पायस 1782 साली स्वतः व्हिएन्नाला गेले, तरी त्याचे धोरण फारसे पालटले नाही. मात्र 1790 साली मृत्युशय्येवर असताना हंगेरीतील आपल्या बहुतेक सुधारणा त्याला स्वतःलाच मागे घ्याव्या लागल्या. अल्पसंख्य समाजात वाढणाऱ्या मुलांनी हा फरक लवकर ओळखावा यात त्यांचे हित आहे. कोणाच्या मर्जीने मिळालेली मोकळीक आणि कायद्याने बांधलेला हक्क या दोन भिन्न वस्तू होत.

त्याच वेळी कॅथलिक वाचकाने आपल्या बाजूचा पूर्वग्रहही तपासावा. व्हॉल्तेअर हे नाव आपल्याकडे दीर्घकाळ धर्मद्रोहाचे प्रतीक म्हणून उच्चारले गेले. त्याने ख्रिस्तसभेवर केलेली कित्येक विधाने अन्याय्य आहेत, हे सांगण्यास संकोच नको. परंतु 1762 साली तुलूझ येथे झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलगा कॅथलिक होणार म्हणून त्याला ठार मारल्याच्या आरोपावरून चाकावर हाडे मोडून मारण्यात आले, तेव्हा त्याच्या निर्दोषत्वासाठी झटला तो हाच लेखक. 1763 साली त्याने सहिष्णुतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 1765 साली कालासचे नाव निष्कलंक ठरले. चुकीचा न्याय करणारे त्या नगरातील कॅथलिक होते, हे वहीतून गाळणे म्हणजे श्रद्धेचे रक्षण नव्हे.

मग प्रकल्प कसा असावा? एका विद्यार्थ्याकडे एक नाव न देता दोघांकडे एक जोडी द्यावी. एकाने विचारवंताचे लेखन पाहावे, दुसऱ्याने राजाचे हुकूम पाहावेत आणि दोघांनी मिळून एकाच वर्षाचे पान लिहावे. 1740, 1767, 1774 अशी वर्षे त्यासाठी पुरेशी आहेत. प्रत्येक सुधारणेपुढे तिचा लाभ कोणाला झाला, कोण वगळला गेला आणि ती किती काळ टिकली, या तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. चित्रे कमी झाली तरी चालतील. असे पान लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला फ्रेडरिक थोर की क्षुद्र, याचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. त्या अडखळण्याला शिक्षकांनी गुण द्यावेत. वाचलेल्या मजकुराला प्रश्न विचारण्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते आणि त्याची गरज इतिहासाच्या तासापुरती मर्यादित नाही.